डबा न देणाऱ्या काकू

"घरात कुणी अंगावर पाजतंय का?" डोकेदुखीची साधी गोळी मागितली तरी आमच्या पंचवटीतल्या मेडिकलवाल्या काकू आधी हे विचारायच्या, तेही रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. पुरुषमंडळी लाजून चूर व्हायची. एकदा तर त्यांनी एका ब्रह्मचारी आजोबांनाही सोडलं नाही. आजोबा नंतर बरेच दिवस लांबच्या दुकानात जात होते.

हसू नका. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाही. तिची गोळी आणायला जातो नवरा नाहीतर दीर, आणि तो नुसतं "डोकं दुखतंय" म्हणून मोकळा होतो. काही औषधं दुधातून बाळाच्या पोटात जातात, म्हणून कुणाचं डोकं, हे काकूंना खोदून खोदून विचारावं लागे.

माझ्या वेळी उलटंच झालं. लेक झाली आणि थोड्याच दिवसांत माझ्या छातीत गाठ आली, ताप भरला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. मला आई नाही. बाळंतपणाला सासूबाई दिंडोरीहून आलेल्या, ऐन द्राक्षांच्या काढणीत बाग सोडून. गोळ्या पाहून त्या घाबरल्या.

"लय गरम हायेत. दुधात इख उतरंल. पोरीला नाय पाजायचं."

लेक भुकेनं रडत राहिली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून. शेवटी नवरा पावडरच्या दुधाचा डबा आणायला गेला.

डबा आलाच नाही. काकू आल्या. हातात फोन, फोनवर माझे डॉक्टर.

"यांना सांगा," म्हणत त्यांनी फोन सरळ सासूबाईंच्या कानाला लावला. ती पाजतेय हे लक्षात घेऊनच औषध दिलंय, पाजणं थांबवलं तर उलट त्रास वाढेल, असं डॉक्टर समजावत होते.

सासूबाईंनी फोन परत दिला. "पोरीला काय झालं तर?"

"म्हणून तर विचारून आले. मनानं मी कुणाला काही सांगत नाही." मग काकू माझ्याकडे वळल्या. "घे गं तिला."

सासूबाईंनीच लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं. दुखलं तशी मी ओरडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला, तो लेक झोपेपर्यंत काढला नाही. आईचा हात कसा असतो मला ठाऊक नव्हतं. असाच असणार, असं मी त्या दिवशी धरून चालले.

मागच्या महिन्यात काकू गेल्या. बातमी ऐकून मी स्वयंपाकघरात रडत बसले. माझ्याहून उंच झालेली लेक शेजारी येऊन बसली.

"आपल्या कोण लागायच्या त्या?"

नातं काही सांगता येईना. म्हटलं, "तुझं दूध तुटत होतं. त्यांनी तुटू दिलं नाही."