स्विचच्या खोलीतली बुद्धप्रिया

सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात बुद्धप्रिया नेटवर्कचं काम बघायची. तिची आई चांगुणा तिथंच झाडूकाम करून म्हातारी झाली, त्यामुळं इमारतीचा कोपरा न् कोपरा लेकीच्या पायाखालचा.

त्या दुपारी मोहोळजवळच्या अपघातातला एक तरुण ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला. नातेवाइकांना नीट सांगायच्या आधीच त्याची माणसं आत घुसली. रिसेप्शनची काच फुटली. वॉचमन शिवप्पा आडवा गेला, तर त्याच्या तोंडावर लोखंडी खुर्ची बसली. पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. आयसीयूच्या डॉक्टरला कॉलर धरून जिन्यावरून फरफटत खाली नेलं.

बुद्धप्रिया पहिल्या मजल्यावरच्या खोलीत कडी लावून बसली होती. इमारतीतल्या फोनच्या, वायफायच्या साऱ्या केबली तिथल्या स्विच नावाच्या पेटीला येऊन मिळत. इंटरकॉम वाजला. वर आयसीयूत प्रतिक्षा नावाची नवी नर्स दाराला कपाट लावून एकटीच होती. व्हेंटिलेटरवरच्या सुगराबीचा श्वास अडकला होता. ऑपरेशन थिएटरमधले मोठे डॉक्टर फोनवरून काय करायचं ते सांगत होते, पण शब्द तुटत होते.

"ताई, अर्धंच ऐकू येतंय," प्रतिक्षा म्हणाली. "नळी काढू म्हणतायत का नको म्हणतायत, तेच कळंना."

खाली जो तो मारहाणीचा व्हिडिओ दवाखान्याच्याच वायफायवरून जगाला दाखवत होता. त्या लोंढ्यात फोनचा आवाज गुदमरला होता. फोनच्या आवाजावर 'याला आधी सोडा' अशी खूण असायची. पण स्विच नुकताच बदललेला, आणि नव्या स्विचला ती खूण मानायला सांगायचं राहून गेलं होतं.

वायफाय पुरतं तोडणं सोपं होतं. पण संडासात लपलेल्या नर्सा त्यावरूनच पोलिसांना कळवत होत्या. म्हणून तिनं वायफायची वाट फक्त आवळली: मेसेज जातील, व्हिडिओ अडकेल एवढीच. मग ती फोनच्या खुणेकडं वळली, तोच दार कोयंड्यासकट उखडलं.

मेलेल्या पोराचा भाऊ अमरेश गज घेऊन उभा होता. शर्टावर शिवप्पाचं रक्त.

"आमचं शूटिंग झालेली कॅमेऱ्याची मशीन कुटं हाय?"

"ही नाही. वर एक बाई मरतीय. थोडं थांबा."

"माजा भाऊ मेला, तवा कोण थांबलं?"

गज उतरला. उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचं तिनं कानांनी ऐकलं. दुसरा घाव खांद्यावर आला. डोळ्यांपुढं अंधारी येत असताना डाव्या हातानं चाचपडत तिनं फोनच्या खुणेची उरलेली आज्ञा लॅपटॉपवर टाइप केली आणि स्विचला पाठ लावून खाली बसली. त्यानं तिसऱ्यांदा गज उचलला, तेव्हा जिन्यात पोलिसांचे बूट वाजले.

वर आवाज आता स्वच्छ येत होता. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणं प्रतिक्षानं नळीतला कफ ओढून काढला, हातानं श्वास देणारा फुगा दाबत राहिली. सुगराबी वाचली. शिवप्पाचा एक डोळा गेला.

खटल्यात बुद्धप्रियानं अमरेशला ओळखलं. बोट दाखवताना मनगट पुरतं वळत नव्हतं. कोर्टाबाहेर त्याची आई बजाबाई पायरीवर बसली होती.

"एक देवानं नेला," ती म्हणाली, "दुसरा तू."

बुद्धप्रियाला राग आला नाही, आणि पश्चात्तापही झाला नाही. ती घटकाभर त्या म्हातारीशेजारी टेकली. मग ती उठून कामावर गेली.