तीन गाठींची वायर

"पह्यले गाठ मारा जी, मंग सोडा."

माझी बायको जन्मभर हे सांगत आली, आणि दोघांनी मिळून केलेल्या शेवटच्या कामातही तिनं हेच सांगितलं. मी पेचकस घेऊन वायरी सोडायला बसलो होतो. ती आधी त्यांना दोरे बांधत होती. डावीकडून पहिल्या वायरीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. वायरींवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत, माझी शाळा चौथीत सुटली. गाठी बोटांना कळतात.

सावली गावात आमचं जळलेल्या मोटरी बांधायचं दुकान. खोलणं, बेअरिंग ठोकणं, पुन्हा बसवणं माझं. तांब्याची तार भरणं तिचं. गिऱ्हाईक दारात यायचं आणि मलाच विचारायचं, "मोटरवाली बाई हाय काय?" पहिली दहा वर्षं राग आला. मग सवय झाली.

तारेचे वेढे मोजताना ती कोणाशीही बोलत नसे. एकदा तिचा सख्खा मोठा भाऊ अहेरीहून आला, दारात उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकशे बारा." भाऊ घाबरला. गुंडाळी पुरी केली, मग उठली. "या दादा, बसा. पाणी पेता काय?"

यंदा नवं धान निघालं त्या दिवसांत राइस मिलमधून बोलावणं आलं. तांदूळ पिशव्यांत भरायच्या मशीनची मोटर गेली होती, आणि तिला चालवणारा डबाही. त्या मोटरीला सर्वो म्हणतात, डब्याला ड्राइव्ह. दोन्ही नवे येऊन पडले होते, पण बसवणारा माणूस नागपूरहून आठ दिवसांनी येणार होता.

शेठ म्हणाले, "काकू, जमन काय? हे पंपाचं काम नाई. जळली तं दुसरी नाई."

"पाहू द्या," ती म्हणाली.

सोबत आलेलं पुस्तक घेऊन ती दोन दिवस बसली. सातवी शिकलेली बाई. फोनवर कंपनीच्या माणसाला इतकं खोदून विचारलं, की तो शेवटी ताई ताई करायला लागला.

तिसऱ्या दिवशी मिलच्या फरशीवर मोटर ठेवली. नारळाएवढी. तिला दोन केबली. ती मला समजावू लागली, "हे जाडी, ताकदीची. हे बारकी म्हंजे मोटरचे डोळे. मोटर कुठी उभी हाय, ते डब्याले सांगते. पण जाडीच्या जवळ ठेवली का बहकते." मग माझ्याकडे पाहून, "तुमच्यासारखी."

ती बारकी केबल लावत होती तोवर जाडीच्या तीन वायरी मी जोडल्या. पंपाची मोटर तुम्ही जोडताना पाहिली असेल. कोणतीही वायर कुठंही लावा, उलटी फिरली तर दोन बदलायच्या. चाळीस वर्षं मी तेच केलं, इथंही तेच केलं. चालू केली तर मोटरीनं झटका दिला आणि अडली. डब्यावर लाल आकडे लुकलुकले. तिनं बटण बंद केलं. मी वायरी बदलायला हात घातला, तशी पेचकसाची मूठ माझ्या बोटांवर बसली.

"मरता काय जी? लाइट बंद केली तरी यात वीज दबून असते. तो डब्यावरचा दिवा विझू द्या. आन हिच्यात अदलाबदल चालत नाई. ज्याची जागा त्यालेच."

दिवा विझेपर्यंत आम्ही चहा प्यालो. माझी नजर त्या दिव्यावरच होती. शेठकडची एकच मोटर, आणि तिनं दिलेला शब्द. मग तिनं एकेक अक्षर वाचून वायरी स्वतः लावल्या.

फिरली. अर्धा फेरा, थांबली. पुन्हा अर्धा, थांबली. केसाचा फरक नाही. थांबलेली असताना मी मोटरीचा दांडा हातानं फिरवून पाहिला. फिरेना.

"बंद पडली काय वं?"

"बंद नाई. थांबली हाय. थांबली तरी राबून राह्यली. बाईमाणूस हाय जणू."

ती हसली आणि मी तिच्याकडे पाहतच राहिलो. चाळीस वर्षं शेजारी बसलेली बाई, मला नवीनच दिसली. असं तोंडानं सांगायची आमच्यात रीत नव्हती.

"उद्या मशीनीत बसवू," ती म्हणाली. मग मोटर सुटी करायला तिनं वायरींना गाठी मारल्या, मी सोडल्या, आणि आम्ही घरी आलो.

सकाळी उठवायला गेलो तर अंग थंड. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली. दुपारी वैनगंगेवर नेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाने-पेचकस घेऊन मिलवर गेलो.

शेठ उठून उभे राहिले. "भाऊ, सुतकात काऊन आले? नागपूरचा माणूस येईन ना."

"तिचं काम अर्धं हाय," मी म्हणालो.

मोटर मशीनीत बसवली. हिरवी वायर आधी, ती अर्थिंगची. मग दोरे चाचपले. एक गाठ. दोन. तीन. डावीकडून उजवीकडे, ज्याची जागा त्याला. बारकी केबल जाडीपासून लांब बांधली. दोरे कापले नाहीत.

चालू केली. पिशव्या एकामागून एक पडू लागल्या. दहा-बारा झाल्यावर शेठनी मशीन थांबवली, डब्यावरचा दिवा पेटलेलाच होता.

मी मोटरीच्या पुलीवर हात ठेवला आणि फिरवून पाहिली. फिरली नाही. हात तिथंच राहू दिला.