एक घर, एक मूल

माझी लेक अमेरिकेतल्या एका फार जुन्या विद्यापीठात शिकवते, ही गोष्ट आमच्या माहेरच्या गावात माझ्यापेक्षा माझ्या थोरल्या भावानंच जास्त वेळा सांगितली असेल. मी रोह्याजवळ वरसे गावात राहते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आता घरी आहे. दादा मात्र पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीकाठी, वडिलांच्याच घरात राहिला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला तेव्हा त्यानं माझी तब्येतसुद्धा विचारली नाही.

"बाय, रविवारी ये. शाळा बंद करतायत. तुझ्या लेकीचं ते कॉलेज एवढी वर्षं कसं टिकलं, ते सांग आमच्या लोकांना."

टिकण्याचं काहीतरी औषध असतं आणि लेकीकडं अमेरिकेला जाऊन येताना ते मी पिशवीत घालून आणलंय, असाच त्याचा समज होता. मी हसले, पण हसून विषय सोडता येईना. ती शाळा म्हणजे दादाचा जीव. आमच्या वडिलांनी तिच्यासाठी शेत दिलं होतं आणि गावानं जोळ लावून त्यात भराव घातला होता.

जोळ म्हणजे आमच्या खारेपाटाचा जुना रिवाज. आमची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. बांध आहे तोवर शेत, नाहीतर खाडी. उधाणाला बांधाला खांड पडली की ती कुणाच्या शेतासमोर पडली हे कोणी विचारत नाही. प्रत्येक घरातून एक माणूस चिखलात उतरतो. ज्या घरातून माणूस येत नाही, त्या घराला कोणी शिव्या देत नाही, वाळीतही टाकत नाही. फक्त त्या घरानं पुढं बांधाविषयी काही बोलायचं नाही. शाळेसाठीही तोच नियम लागला होता, आणि तेव्हा एकही घर मागं राहिलं नव्हतं.

रविवारी शाळेच्या पडवीत गाव जमलं. मी लेकीबरोबर पाहिलेलं आणि तिच्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. इंग्लंडहून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांना भीती होती, की आपले शिकलेले पाद्री मेले तर पुढं कोण? म्हणून गुरांच्या कुरणाशेजारी एक घर घेतलं, एक मास्तर नेमला. विद्यार्थी बोटांवर मोजावेत इतके. जवळ फारसं काही नव्हतं, तर घराघरातून धान्याचं माप यायचं. मध्ये वर्ग बंद पडले, पुन्हा भरले. ग्रंथालय जळालं, पुन्हा उभं केलं. पाद्री घडवायला काढलेल्या जागेत पुढं वकील, डॉक्टर, शास्त्रज्ञ तयार होऊ लागले. इमारती वाढत वाढत गेल्या आणि कुरण कुठं होतं ते आता दाखवावं लागतं.

लेकीनं दाखवलेलं दुसरंही सांगितलं, कारण अर्धा इतिहास सांगण्याची मला सवय नाही. ती जमीन आधी दुसऱ्याच लोकांची होती. सुरुवातीच्या काळात तिथं राबणाऱ्यांत गुलाम होते, त्यांच्या नावाची पाटी आत्ता कुठं लागली. मुलींना तर पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेरच ठेवलं होतं.

"मंग आपली बरी गो," पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली. "आपल्या पोरी पयल्या दिसापासनं आत हायेत."

लोक हसले. बऱ्याच दिवसांनी त्या पडवीत कोणी हसलं असेल. दादाला एवढंच हवं होतं. तो उठून उभा राहिला. डोळे चमकत होते.

"ऐकलात ना? त्यांची पन बंद पडली व्हती, परत चालू झाली. घराघरातनं माप गेलं म्हनून झाली. शाळेला खांड पडलीय असं समजा. आपन जोळ लावू. एका घरातनं एक पोर या शाळेत. पटसंख्या झाली तर संस्थेचे साहेब कशाला बंद करतील?"

त्याची चूक मला तिथल्या तिथं कळली, आणि ती चूक फक्त बांधावर वाढलेला माणूसच करू शकतो. चिखलात उतरायला घरातला कोणताही हात चालतो. पोराचं तसं नसतं, त्याचं सगळं पुढचं आयुष्य पणाला लागतं. पण मी हे बोलून दाखवेपर्यंत सगळ्या माना आमच्याच घरच्यांकडं वळल्या होत्या. जोळ पुकारणाऱ्यानं आधी स्वतःचा माणूस उतरवायचा, हेही ठरलेलंच आहे. दादाची नात पेणच्या इंग्रजी शाळेत जाते. रोज सकाळी बस तिला नाक्यावरून घेऊन जाते.

दादानं सुनेकडं पाहिलं. ती कोपऱ्यात उभी होती. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर ऑफिसात कामाला आहे, नवरा तिथंच शिफ्टमध्ये. शांत मुलगी, मला आवडते.

"बाबा, मी याच शाळेत शिकले," ती म्हणाली. "शाळा वाईट नाय. पन कंपनीत मुलाखतीला गेले तवा साहेब इंग्रजीत बोलला, नि मी नुसती मान हलवत बसले. माझी पोर तशी बसनार नाय."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाज चढला नव्हता.

"आत्या, तुमची लेक तरी कुठं या शाळेत व्हती? रोह्याला शिकली, मुंबईला शिकली, म्हनून तिकडं गेली. माझ्या पोरीनं का जाऊ नये?"

 तिचं बरोबर होतं आणि दादाचंही बरोबर होतं. अशा वेळी इतिहासाचा काडीइतकाही उपयोग होत नाही. दादा मग म्हणाला, "व्हय. तुझी पोर हाय." आणि खाली बसला. पाठोपाठ एकेक जण चपला शोधायला लागला. कुणाची पोरं पेणला, कुणाची वडखळला, कुणाच्या घरात त्या वयाचं मूलच नाही.

पुढच्या महिन्यात शाळा चालवणाऱ्या संस्थेचे साहेब गावाचं म्हणणं ऐकायला आले. मी मुद्दाम वरशाहून गेले होते. मला वाटलं होतं, दादा बोलेल. फोनवर मला जे जे ऐकवत होता, ते त्यांना ऐकवेल. शेत कोणी दिलं, माती कोणी वाहिली, खाडीकाठच्या पोरींना रोज पेण कसं झेपणार, सगळं त्याला तोंडपाठ होतं. पण तो पुढं आलाच नाही. पडवीच्या खाली, उन्हात, बाहेरच्या माणसासारखा उभा राहिला. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "दादा, बोल ना रे."

"आपल्या घरातनं कोन उतरलं नाय, बाय," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं बोलू?"

मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी माया दाटून आली, की मी त्याचा दंड धरून ठेवला. साहेब भला माणूस होता. त्यानं दोनदा विचारलं, कोणाची काही हरकत आहे का? मी बोलणार होते. पण मी तर लग्न होऊन गेलेली, माझं त्या गावात घरच नाही. दादानं मान वर केली नाही. आणि तो बोलत नाही म्हटल्यावर दुसरंही कोणी बोललं नाही.

साहेबांनी लिहून घेतलं, ग्रामस्थांची हरकत नाही.