जळूबाई आणि भाऊजींचा अंगठा

जळूबाईंचं खरं नाव हॉस्पिटलच्या पगारपत्रकात असेल तेवढंच. एरवी वॉर्डबॉयपासून सर्जनबाईंपर्यंत सगळे त्यांना जळूबाईच म्हणतात, आणि त्याही खुशाल ‘ओ’ देतात. तळमजल्यावर, औषधांच्या कोठारामागच्या थंड खोलीत त्यांच्या काचेच्या बरण्या. तोंडाला पातळ फडकं बांधलेलं, आत पाणी आणि पाण्यात जळवा. नळाचं पाणी थेट चालत नाही हं, त्यातल्या क्लोरीननं बिचाऱ्या मरतात. जळूबाई ते आधी उघड्यावर ठेवतात, मगच घालतात. स्वतःच्या पोरांचे एवढे लाड त्यांनी केले नव्हते.

आता तुम्ही नाक मुरडाल. मुरडा बापडे! पण तुटलेलं बोट शिवलं, की खरी पंचाईत पुढेच असते. रक्त आत आणणारी नळी जाड, ती शिवता येते. परत नेणाऱ्या इतक्या नाजूक, की सुईला दादच देत नाहीत. रक्त येतं, पण जाणार कुठून? बोट फुगतं, काळंनिळं पडतं आणि शेवटी हातचं जातं. नव्या वाटा फुटेपर्यंत ते साचलेलं रक्त कुणीतरी ओढायला हवं, आणि या कामात जळूचा हात धरणारं कुणी नाही, मग तिला हात नसेनात का! चावताना जागा बधिर करते, लाळेनं रक्त गोठू देत नाही, पोट भरलं की आपसूक गळून पडते.

हे सगळं थोरल्या जावेला शंभरदा सांगून झालं होतं. घर एकच, चुली वेगळ्या. जळूबाई कामावरून आल्या, की थोरली दारातूनच ओरडायची, “आधी हात धू! कोपरापर्यंत!” नात्यात कुठे जायचं झालं तर बजावायची, “तिथे तुझ्या नोकरीचं काढू नकोस बाई, लोक जेवायचे नाहीत.”

आणि एके दिवशी तिच्याच नवऱ्याचा, म्हणजे जळूबाईंच्या भाऊजींचा, अंगठा कारखान्यातल्या करवतीनं उडवला. भाऊजी सुतार. उजवा अंगठा गेला, तर रंधा धरणार कशानं? सर्जनबाईंनी जीव ओतून अंगठा शिवला, पण दुसऱ्या दिवशी तो जांभळा पडायला लागला. जळूबाई बरणी घेऊन धावल्या.

पहिली जळू अंगठ्यावर ठेवली, तिनं तोंड फिरवलं. दुसरीही वळवळत बाजूला झाली. अंगठा तोवर वांग्यासारखा दिसायला लागला होता.

“आज चावल्या नाहीत, तर मला तो काढावा लागेल,” सर्जनबाई हळूच म्हणाल्या आणि शेजारच्या पेशंटकडे गेल्या.

जळूबाईंनी वाकून भाऊजींच्या हाताचा वास घेतला. “जाऊबाई, काय लावलंत याला?”

“काही नाही गं,” खाटेशी बसलेली थोरली चाचरली. “रक्ताचा कसातरीच वास येत होता. नर्सची पाठ वळल्यावर जरासं अत्तर फिरवलं.”

“अत्तर? अहो, जळूला असले वास खपत नाहीत! अत्तराचा हात ती तोंडात धरेल होय?” इतक्या वर्षांत जळूबाई थोरलीवर पहिल्यांदाच खेकसल्या.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. जळूबाईंनी साध्या पाण्यानं अंगठा पुसपुसून काढला, मग सुई काढली. “टोचून रक्ताचा थेंब काढते, म्हणजे तिला चव लागेल. तुम्ही जळू धरा. बोटांनी.”

“मी?”

“नाहीतर कोण, मी काय चार हातांची आहे?”

थोरलीनं डोळे मिटले, बरणीत हात घातला आणि ती बुळबुळीत जळू चिमटीत धरून नवऱ्याच्या अंगठ्यावर ठेवली. “चाव गं बाई,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “चाव गं माझे आई! सोन्यासारखा माणूस आहे माझा. चाव की!”

भाऊजींना तशातही हसू फुटलं. “माझ्यासाठी एवढ्या विनवण्या कुणाच्या केल्या नव्हत्यास,” ते म्हणाले.

जळू चावली. फुगत फुगत करंगळीएवढी झाली, आणि हळूहळू नखाच्या कडेला लाली दिसू लागली. थोरली ढसाढसा रडली.

पोट भरल्यावर जळू गळून पडली. जळूबाईंनी ती उचलली आणि स्पिरिटची बाटली पुढे ओढली.

“अगं, हे काय करतेस?”

“एकाचं रक्त प्यायलेली जळू दुसऱ्याला लावता येत नाही, सोडूनही देता येत नाही. रोग पसरतात. मारावीच लागते.”

थोरलीनं त्यांचं मनगट धरलं. “हिनंच तर वाचवलं गं यांना. तुला वाईट नाही वाटत?”

जळूबाईंना एकदम भरून आलं. एवढ्या जळवा त्यांनी या बाटलीत टाकल्या होत्या, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“वाटतं हो, जाऊबाई,” त्या म्हणाल्या. “दर वेळी वाटतं.”

थोरलीनं मनगट सोडलं आणि बाटलीचं झाकण तिनंच उघडून दिलं.