शितांनी चिकटवलेलं पाकीट

बी.एस्सी. झाल्यावर मला दोन विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला जागा मिळाली, एक आमच्याच औरंगाबादला आणि दुसरी पुण्याला. त्या निवडीत मी एका मित्राचं नुकसान केलं. ते नकळत झालं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही.

आम्ही दोघं औरंगपुऱ्यात एका दुकानावरच्या खोलीत राहायचो. तो पैठणजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. त्यावरून तो मला ‘पंत’ म्हणायचा. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासले होते, आणि समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच कागद वाचायची त्यांची पद्धत होती. ती माझ्यात उतरली.

पुण्याला बाहेरच्या विद्यापीठांतल्या मुलांसाठी मोजक्याच जागा असत. त्यातली शेवटची मला मिळाली होती, आणि प्रतीक्षा यादीत पहिलं नाव त्याचं होतं. मी सोडली तरच त्याला मिळणार. त्याला आनुवंशिकी शिकायची होती आणि ती तिथंच होती, म्हणून इथला अर्ज त्यानं भरलाच नव्हता. मला ओढ गवतांची. सुट्टीत दौलताबादच्या पायथ्याशी जाऊन मी गवतं गोळा करायचो आणि वर्तमानपत्रांत दाबून ठेवायचो. तो माझ्यासोबत यायचा, पिशवी धरायचा आणि म्हणायचा, “पंत, आमच्या म्हशी हेच खातात, त्यांनाच विचार की नावं!”

पुण्याचं पत्र आलं तेव्हा मी बाहेर होतो. परतलो तर ते त्याच्या हातात होतं आणि पाकीट उघडं.

“उघडलंस?”

“नाय रं. पोस्टमननंच असं दिलं. पावसाळ्यात सरकारी डिंक टिकतो व्हय?”

पटण्यासारखं होतं. मला पटलं नाही.

चार दिवसांनी तो पुण्याला चौकशी करून आला आणि खाटेवर बसत म्हणाला, “तू इथंच घे. गवतं शिकवणारे तिथले सर यंदा रिटायर झाले. आपल्या इथं वाळवलेल्या झाडांची कपाटंच्या कपाटं आहेत. तुला लई बरं पडंल.”

मी नुसती मान हलवली. त्याला माझी जागा हवी होती, मग तो दुसरं काय सांगणार? त्यानंतर मी त्याच्यावर पाळत ठेवल्यासारखा वागू लागलो. तो प्रेमानं चहा घेऊन आला तरी वाटायचं, आज काय काढून घ्यायचंय याला? माझी मूळ प्रमाणपत्रं मी पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. एका खोलीत तीन वर्षं राहून हे पहिलं कुलूप. त्यानं ते पाहिलं, पण विचारलं नाही.

इथला प्रवेश मी पक्का केला. गवतांचा विषय इथंच आहे हे मलाही दिसत होतं. तरी पुण्याची जागा सोडवेना. तो पुन्हा पुण्याला निघाला तेव्हा म्हणाला, “जागा सोडल्याचा अर्ज लिहून दे, मी खिडकीवर देतो. पोस्टानं जायला उशीर लागंल.”

मी अर्ज लिहिला, पण जागा सोडल्याचा नाही. काही अडचणीमुळे हजर होता येत नाही, कृपया शेवटच्या तारखेपर्यंत मुदत द्यावी, असं लिहिलं. पाकिटात घातला आणि डब्यातल्या भाताची चार शितं चोळून पाकीट चिकटवलं. वाळेपर्यंत ते पुस्तकाखाली दाबून ठेवलं. ज्याच्यावर माझा भरवसा नव्हता, त्याच्याच हातात मी ते पाकीट दिलं.

तो परत आला. मी विचारलं, “दिलंस?”

“दिलं.”

एवढंच. शेवटची तारीख गेली, प्रवेश बंद झाले. मी पुण्याला गेलो नाही आणि ती जागा रिकामीच राहिली. तो गावी गेला, पुढे बी.एड. केलं आणि पैठणला शाळेत विज्ञान शिकवू लागला. माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला पुण्याहून एक परीक्षक आले होते. गवतांच्या सरांचं विचारल्यावर म्हणाले, “ते तर दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले.” तोंडी परीक्षेत त्यानंतर मला काय विचारलं ते आठवत नाही.

यंदा माझ्या मुलीला जीवशास्त्राच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांतून बोलावणं आलं. कुठून कळलं कोण जाणे, त्याचा फोन आला. कुठं काय चांगलं शिकवतात ते त्यानं नीट सांगितलं आणि म्हणाला, “पोरीला दुसऱ्या ठिकाणी घाल.” फोन ठेवला आणि मी पहिल्या विद्यापीठाची प्रतीक्षा यादी उघडून त्याचं आडनाव शोधलं. सगळी यादी, शेवटपर्यंत. नव्हतं. त्याला मूलबाळ नाही, हे मला ठाऊक असूनही मी शोधलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पैठणला गेलो आणि त्याच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. पाकिटाचं, शितांचं, मुदतीच्या अर्जाचं. तो शेंगा सोलत होता. हात थांबला नाही.

“ठाऊक आहे की. खिडकीवरच्या बाबूनं माझ्यासमोरच फाडलं. मोठ्यानं वाचलं. मागं दहा पोरं उभी होती.”

“मग तू काही बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं? तू पेटीला कुलूप लावलंस तवाच कळलं होतं मला. तरी वाटलं, अर्ज तर खरा लिहील.”

आतून त्याच्या बायकोनं चहा आणला. ती परत गेल्यावर त्यानं विचारलं, “पोरीचं काय ठरलं?”

“तू म्हणतोस तिथंच.”

“मग पहिल्या ठिकाणची जागा सोडल्याचं आजच कळवा. तिथंबी कुणीतरी यादीत असंल.” आणि हसून म्हणाला, “शितं नको लावू, पंत.”

मुलीला तिथूनच फोन लावला आणि तिनं ते त्याच दुपारी कळवलं. परतीच्या एसटीत मात्र मी त्याच्या हसण्याचाच विचार करत बसलो. त्यानं मला माफ केलं, की नुसतं घालवून दिलं? बिडकीन येईपर्यंत मी ते हसू सरकारी कागदासारखं उलटसुलट करून तपासत होतो. मग लक्षात आलं की मी अजूनही तेच करतोय.