आत्याला ऐकण्याचं प्रात्यक्षिक

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी ऐकण्यात नापास झालो.

कानांत दोष नव्हता. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर उरलेलं आयुष्य इतरांच्या उपयोगी पडावं, या निश्चयाने मी रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात समाजकार्याच्या पदवीला प्रवेश घेतला होता. प्रात्यक्षिकात समोरच्याचं दुःख केवळ ऐकायचं होतं. मी चौथ्याच मिनिटाला मुदत ठेव सुचवली. (दुःखी विधवेची भूमिका करणारी वर्गातली मुलगी त्यानंतर खरोखर रडली.)

"काका, ही शेवटची संधी," माझ्या मुलीहून लहान असलेल्या मॅडम म्हणाल्या. "एका वृद्ध व्यक्तीचं तासभर ऐका. सल्ला द्यायचा नाही. मान डोलवा, 'समजतंय मला' म्हणा, आणि ऐकलेलं शब्दशः लिहून आणा. नाहीतर वर्ष गेलं."

दुसऱ्याच दिवशी पत्नी सुमनला घेऊन मी हातखंब्यापलीकडे आत्याच्या गावी गेलो. आत्या एकटी राहते, मुलगा मुंबईला. ती ओटीवर पेंढ्यात आंबे रचत होती. मी समोर बसलो, ओठ घट्ट मिटले आणि घड्याळ लावलं.

"आबा, गुडघे गेले रे माझे."

मी मान डोलावली.

"मुलगा रोज फोनवर अक्कल शिकवतो. हे खा, ते खाऊ नको. मला नाही जायचं त्याच्याकडे."

"समजतंय मला."

"त्यापेक्षा तुझ्याकडे येऊन राहते. वरची खोली रिकामीच आहे ना?"

मी मान डोलावली. मध्ये बोललो असतो तर वर्ष गेलं असतं.

"चार कोंबड्या आणीन. गाय दुसऱ्या खेपेला."

"समजतंय मला."

आमच्या घराण्यात माहेरच्या कर्त्या पुरुषाने मान डोलावली, की तो दिलेला शब्द मानतात. हे मला पन्नास वर्षं ठाऊक होतं, आठवलं मात्र एकसष्टाव्या मिनिटाला, जेव्हा आत्या मुंबईला फोनवर सांगत होती, "आबाने शब्द दिलान हो!"

शेजाऱ्याचा टेम्पो आंब्याच्या पेट्या घेऊन रत्नागिरीला निघालाच होता. पेट्यांवर आत्याची ट्रंक चढली, ट्रंकेवर कोंबड्यांची डालगी. सुमन माझ्याकडे पाहत होती.

"शब्द दिला आहे, तर पाळायचा," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"मी कुठे नको म्हटलं? आत्या आल्या तर मला सोबतच होईल."

ड्रायव्हरशेजारी आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. माझा तास संपला होता. जबाबदारी मात्र सुरू झाली होती, आणि ती मी मनापासून पार पाडायचं ठरवलं. गुडघ्यांसाठी पहाटे पाचला उठावं. आमटीत नारळ कमी. भात दिवसातून एकदाच. कोंबड्या अंगणात नकोत. दुपारची झोप तर मुळीच नको. प्रत्येक मुद्द्याची कारणंही मी सौम्य शब्दांत, क्रमाने सांगत होतो.

हातखंब्याच्या तिठ्यावर आत्या म्हणाली, "थांबव रे गाडी."

"काय झालं आत्या?"

"मुलाचा फोन तरी ठेवता येतो. तू घरातच असशील."

ती उतरली. ट्रंक उतरली, डालगी उतरली, आणि समोरच्या रिक्षातून सगळी मंडळी माघारी गेली. माझं काही चुकलं का, हे मी सुमनला अत्यंत नम्रपणे विचारलं.

ती म्हणाली, "आत्या सुटल्या. मी तीस वर्षं ह्याच गाडीत बसल्येय."

घरी येऊन अहवाल लिहायला घेतला, तेव्हा माझा खरा अपराध माझ्या ध्यानात आला. मान डोलावण्याच्या नादात आत्याचं तासाभराचं बोलणं मी जेमतेम अर्धं पान ऐकलं होतं. तेवढंच लिहिलं, आणि प्रामाणिकपणे परतीचा प्रवासही खाली जोडला.

मॅडमांनी आत्याचा सगळा तास लाल शाईने खोडला. सुमनच्या वाक्याखाली मात्र दोनदा रेघ ओढून शेरा दिला, 'हे तुम्ही नीट ऐकलंत. उत्तीर्ण.'

पदवी माझ्या नावावर मिळेल. तीस वर्षांचं फील्डवर्क मात्र सुमनचं आहे.