नव्या ट्रॉलीचा ब्रेक

काशीगावात, हायवेपासून आत, एका गाळ्यात आम्ही विमानातल्या जेवणाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचो. आम्ही म्हणजे शेठ, फिटर काका आणि मी. बाकी दोन-तीन माणसं कामाप्रमाणे येत-जात. स्वस्तातली विमानं तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि वापरून पिचलेल्या ट्रॉल्या टेम्पोतून आमच्याकडे येत. कुणाचं दार लागत नसे, कुणाचं चाक अडकलेलं, कुणाच्या पत्र्याला पोचे. आत आंबलेल्या दह्याचा आणि फिनेलचा वास. विमानात मी कधी बसलो नव्हतो. काकाही नव्हते.

माझे वडील मराठवाड्यातून आलेले, ऑफिसात कारकून आणि संध्याकाळी चळवळीची पत्रकं काढणारे. आमच्या घरात कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत, अक्षरं मी त्यांच्यावरूनच शिकलो. डिप्लोमा करून ड्रॉइंगच्या टेबलावर बसलो तरी ती सवय सुटली नाही. पहिल्याच महिन्यात मी गाळ्याच्या दारामागे एक कागद चिकटवला: रोजावरच्या माणसाला रजा मिळाली पाहिजे, दवाखाना मिळाला पाहिजे. शेठनी तो वाचला, हसले आणि तसाच राहू दिला. काका मला तेव्हापासून 'पत्रक' म्हणायला लागले.

"काय रे पत्रक, आज कोनाला पाडतस?"

काका जवळच्याच चेणे गावचे. आठ वर्षं त्या गाळ्यात आणि आठही वर्षं रोजावर. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पर्मनंट झालं की हॉस्पिटलचं कार्ड मिळतं, कार्डावर ऑपरेशन होतं, एवढा त्यांचा साधा हिशेब होता.

एकदा ट्रॉल्या पाठवणाऱ्या किचनमधून एक मॅडम आल्या. पूर्वी विमानात हवाई सुंदरी होत्या, आता सामानाची तपासणी करायच्या. त्यांनी आमच्यासमोर सँडल काढून पायाचा अंगठा दाखवला. नख अर्धंच होतं. विमान चढत असताना ब्रेक सुटलेली भरलेली ट्रॉली त्यांच्या पायावर आली होती. "हा पेडल किती जोरात मारावा लागतो, माहितीये? आणि मारला तरी भरवसा नाही. काहीतरी करा ना."

मी केलं. दोन महिने लागले. जुन्या ब्रेकमध्ये एक लोखंडी खिळा चाकात अडकायचा आणि तो झिजला की संपलं. मी रुंद पेडल आखला, चवड्याने हलका दाबला तरी बसणारा, आणि खिळ्याऐवजी रबराचा ठोकळा, जो दोन्ही चाकांवर एकदम दाबला जाईल. कागदावर मी काढायचो, पत्र्यात काका करायचे. तीनदा चुकलं. तिन्ही वेळा चूक माझ्या कागदावर होती आणि काकांनी ती नुसतं बोट फिरवून दाखवली.

मी शेठकडे गेलो. म्हणालो, "हा ब्रेक काकांच्या हातांचा आहे. पास झाला तर त्यांना पर्मनंट करायचं."

"करतो ना. पास होऊ दे. जबान दिली."

काकांनी हे ऐकलं आणि दुपारचा डबा न खाताच झाकण लावून ठेवला.

तपासणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. दसऱ्याला गाळ्यात हत्यारांची पूजा असे. सगळी मशीनं पुसायची, तेल द्यायचं, कुंकू लावायचं, हार घालायचा. मी आधीच सांगून टाकलं होतं की मी यंत्राला कुंकू लावणार नाही. त्या दिवशी आम्ही घरची माणसं पांढरे कपडे घालून विहारात जातो. शेठ म्हणाले, "नको येऊस, पेढा ठेवतो." मी गेलो नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर नव्या ट्रॉलीच्या दारावर पाच बोटं कुंकू. वर झेंडूच्या पाकळ्या. मला राग आला. दोन महिन्यांचं माझं काम आणि त्याचा देव करून ठेवलेला. मी चिंधी घेऊन कुंकू पुसत बसलो. खाली वाकून चाकं बघितली नाहीत.

मॅडम आल्या. प्लायवुडच्या उतारावर आम्ही जुनं कार्पेट ठोकलं होतं, विमान चढताना जमीन जेवढी कलते तेवढा तो उतार. ट्रॉलीत पाण्याच्या बाटल्या आणि लादीचे तुकडे भरले. काकांनी ती वर चढवली, पेडल दाबला, हात सोडले आणि बाजूला झाले.

ट्रॉली क्षणभर थांबली. मग सावकाश सरकली, मग जोरात खाली आली आणि पायथ्याशी ठेवलेल्या कापसाच्या पोत्यात घुसली. कुणाला लागलं नाही. आतल्या बाटल्या बराच वेळ गडगडत होत्या.

मी खाली बसलो. रबराला बोट लावलं. बोट चकाकलं.

"तेल आहे," मी म्हणालो. "पुसून परत घेऊ."

"तेल कोणी घातलं?" शेठ म्हणाले.

"मी," काका म्हणाले. "दसरा व्हता. जे हलतं त्याला तेल घालायचं, दर वर्षी घालतो."

मॅडम हसल्या. "पूजेचं तेल आहे ना, मग ट्रॉलीला प्रसाद मिळाला. पुसा, मी थांबते."

काकांनी साबणाच्या पाण्याने रबर धुतलं, चाकं धुतली, आपल्या शर्टाने कोरडी केली. ट्रॉली परत वर. मॅडमनी स्वतः चवड्याने पेडल दाबला. "एवढंच?" त्यांनी ट्रॉलीला ढकललं, मग खांदा लावून ढकललं. ती हलली नाही. जाताना त्या माझ्याशी हात मिळवून गेल्या. काका तोवर उतार सोडवत होते.

शेठनी मला बोलावलं. "तूच सांग. ब्रेकला तेल घालायचं नाही, एवढी ज्याला समज नाही, त्याला मी पर्मनंट करू? उद्या विमानात कोणाचा पाय गेला तर?"

पत्रकांत अशा शेठसाठी कितीतरी वाक्यं होती. मला ती पाठ होती. मी पंख्याकडे बघत होतो. "ठीक आहे" असं मी म्हणालो, हे मला शेठच्या चेहऱ्यावरून कळलं.

बाहेर काका नळावर हात धूत होते. त्यांनी विचारलं, "तिथं तेल न्हाय घालायचं, हे कुठं लिवलं हाय काय?"

मी भिंतीवरच्या ड्रॉइंगकडे बोट केलं. उजव्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

काका जवळ जाऊन बघून आले. "ते इंग्रजी हाय," म्हणाले. रागाने नाही. पाना सापडत नाही म्हणून सांगावं तसं.

दोन महिने ते माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांना कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या: कामगाराचा हक्क, आठ तास, संप. हे एक सांगायचं राहिलं होतं. दारामागचा तो कागद मराठीत होता. ड्रॉइंग इंग्रजीत काढायचं असतं म्हणून मी इंग्रजीत काढलं. हात तसाच शिकला होता.

शेठला हे सांगायला मला तीन दिवस लागले. मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी काकांना सांगितलंच नव्हतं."

शेठ चहा पीत होते. "बरं. मग चूक तुझी," ते म्हणाले. "ऑर्डर तर आली ना? आता कशाला उकरतोस?"

"तुम्ही जबान दिली होती."

"पास झालं तर म्हटलं होतं. एक वेळा फेल झालं का नाही?"

मी टेबलावर जाऊन बसलो आणि पेन्सिलीला टोक काढलं.

ऑर्डर मोठी होती. शेठनी फर्मान काढलं की ब्रेकला काकांनी हात लावायचा नाही, ते काम मीच करायचं. काका दारं बसवायचे, कड्या बसवायचे. बायकोच्या डोळ्यांचं ते पुन्हा बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. दार बसलं की ते ट्रॉली ढकलत माझ्यापर्यंत आणायचे. मी जमिनीवर बसून रबर चढवायचो, पेडल जोडायचो. माझा हात त्यांच्याइतका साफ नव्हता, वेळ लागायचा. एकदा नट दोनदा निसटला, तेव्हा त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. त्यानंतर ते ट्रॉली माझ्यासमोर उभी करत आणि माझं होईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहत.